जुनी लोखंडी रेसर सायकल घरच्या घरी परत चालती करताय? या चुका टाळा

पुण्यात जुन्या सोसायटीच्या पार्किंगमधे एखादी तरी ड्रॉप हँडलची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, लोखंडी सायकल धूळ खात पडलेली असतेच, कुणाच्या तरी काकांची कॉलेजातली, नाहीतर रविवारी जुन्या बाजारातनं हौसेने उचलून आणलेली. ती बाहेर काढली की लोक पहिलं काय ठरवतात, तर कलर कुठला द्यायचा. इथेच फसतं सगळं. रंग हे शेवटचं काम आहे. चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) वाकडाय किंवा सीटची नळी फ्रेममधे जाम झालीय हे कळेपर्यंत भोसरीच्या पावडर कोटिंगवाल्याला पैसे देऊन झालेले असतात.

म्हणून आधी फ्रेम बघा. हँडलच्या नळीच्या जरा मागे, वरच्या आणि खालच्या दोन्ही दांड्यांच्या खालच्या अंगाला बोट फिरवा, सुरकुती लागली किंवा रंगाला आडवी चीर दिसली तर सायकल कधीतरी समोरून ठोकलेली आहे, तिच्यावर खर्च करू नका. मग मागच्या ड्रॉपआउटला (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला) दोरा बांधून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा आणि फ्रेमच्या सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. एकदोन मिलीमीटरचा फरक चालतो.

दुसरी चूक म्हणजे जोर लावणं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पाना हातात आला की लोक उलटंच फिरवतात. सोपं लक्षात ठेवा, पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडल सुटतात. खालच्या, म्हणजे पायडलच्या दांड्या लागतात त्या एक्सलचा उजवा कप (बेअरिंगचे छर्रे फिरतात ती वाटी) पण ब्रिटिश मापाच्या फ्रेमला उलट्या आट्याचा असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सायकली ब्रिटिश मापाच्याच. पण इटालियन किंवा फ्रेंच फ्रेम हाताला लागली असेल तर तिथे आटे सरळ, त्यामुळे आधी खात्री करा. खरं सांगायचं तर टॉर्च मारून बघितलं आणि आतून कप गुळगुळीत असेल तर तो काढूच नका ना, जागेवर पुसून ग्रीस भरा.

सगळ्यात जास्त वाट लागते ती कॉटर पिनची, म्हणजे क्रँक (पायडलची दांडी) एक्सलवर घट्ट धरणाऱ्या पिनची. नट काढून टाकतात आणि पिनच्या टोकावर धडाधड हातोडा, मग आटे चेपतात, पिन वाकते आणि ती आता ड्रिल करूनच काढावी लागते, शिवाय खाली आधार नसल्यामुळे प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून कपवर बसतो आणि तिथे खड्डे पडतात. बरोबर पद्धत अशी की आदल्या रात्री तेल सोडायचं, नट पिनच्या टोकाबरोबर येईल इतकाच सैल करायचा, क्रँकच्या खाली पिनचं डोकं आत मावेल असा जाड पाइप जमिनीपर्यंत उभा टेकवायचा आणि मग एकच नीट दणका द्यायचा. शेजाऱ्यांसाठी दुपारी एक ते चार सोडून द्या. नवी पिन घेताना जुनी बरोबर न्या, कारण ९ आणि ९.५ मिलीमीटर दोन्ही मिळतात. बसवताना एका बाजूचा नट वर आला तर दुसऱ्या बाजूचा खाली आला पाहिजे, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत.

हँडल काढताना त्याचा वरचा बोल्ट पूर्ण काढू नका, दोनतीन वेढे सैल करून वर लाकूड ठेवून ठोका, आतली पाचर खाली सुटते.

पार्ट घेताना साइजच्या नावावर विश्वास ठेवू नका. २७ इंची टायर ६३० मिलीमीटरच्या रिमवर बसतो आणि सातशे-सी मापाचा ६२२ वर, दुकानात मात्र "चालेल हो साहेब" ऐकू येतं. तसंच २६ बाय १ ३/८ आणि २६ बाय १.७५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पहिला ५९०, दुसरा ५५९. टायरच्या कडेला मिलीमीटरमधला आकडा असतो तो वाचा. सीटच्या नळीला व्हर्नियर लावा, ०.२ मिलीमीटरच्या फरकाने मापं येतात. छर्रे मात्र किती झिजलेत ते न बघता सगळेच बदला, जुन्यात नवे मिसळले तर लोड नव्यांवरच येतो.

गंजाला सायट्रिक अॅसिड छान चालतं, किराणा दुकानात मिळतं, पण चेन आणि स्पोक त्यात बुडवू नका, कडक स्टील अॅसिडमधे ठिसूळ होऊ शकतं. बाहेर काढल्यावर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवून लगेच कोरडं करून तेल लावायचं, जुलैत तर अर्ध्या तासात परत तांबूस थर दिसायला लागतो. स्प्रे पेंट पण पावसाळ्यात नकोच, दमट हवेत पांढरट पडतो. पावडर कोटिंगला देताना आटे आणि कप बसायच्या जागा झाकून घ्यायला सांगा, नाहीतर नंतर टॅप मारत (आटे परत पाडत) बसावं लागेल.

सगळं जोडून झाल्यावर दर फेरीला एकाच जागी टक आवाज येत असेल तर आधी कॉटर बघा, नव्या पिना थोडं चालवल्यावर परत आवळाव्याच लागतात. नवी चेन जोर दिला की घसरतेय? फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दात गेलेत. हँडल सरळ आल्यावर खाचेत अडकल्यासारखं होत असेल तर हेडसेटच्या (हँडलच्या नळीतल्या बेअरिंगच्या) कपात खड्डे पडलेत, कितीही ग्रीस घाला ते जाणार नाही, सेटच बदला.

आणि क्रोमच्या लोखंडी रिमा ओल्या झाल्या की ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. दिसतात भारी, पण पावसात कात्रजचा घाट उतरणार असाल तर अॅलॉय रिम टाकून घ्या.