सर्व्हरवरील अनावश्यक सर्व्हिस खरोखर बंद कशा कराव्यात

‘या वीस सर्व्हिस बंद करा’ अशा तयार याद्या डोळे झाकून चालवू नयेत, कारण तुमच्या सर्व्हरला काय लागते हे त्या याद्यांना ठाऊक नसते. सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) वापरणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर सुरुवात उघड्या पोर्टपासून, म्हणजे सर्व्हिस ज्या क्रमांकावर नेटवर्कच्या विनंत्या ऐकतात तिथून करावी. रूट अधिकाराने ‘एसएस -टीयूएलपीएन’ ही आज्ञा दिली की कोणते पोर्ट कोणत्या प्रोसेसने धरले आहे ते दिसते. 127.0.0.1 वर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरत्या ऐकणाऱ्या सर्व्हिस नंतर पाहाव्यात, 0.0.0.0 वर, म्हणजे मशीनच्या सर्व पत्त्यांवर ऐकणाऱ्यांचा निकाल आधी लावावा.

बंद करण्यापूर्वी ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स’ चालवून त्या सर्व्हिसवर कोण अवलंबून आहे हे तपासावे.

खरी गोम यापुढे आहे. सिस्टमसीटीएलची ‘डिसेबल’ ही आज्ञा म्हणजे ‘बंद’ असे अनेक लेख सांगतात आणि ते चूक आहे. डिसेबल केल्याने फक्त बूटच्या वेळी सर्व्हिस सुरू करणारे दुवे निघतात. चालू प्रोसेस तशीच राहते, म्हणून सोबत ‘--नाऊ’ हा पर्याय द्यावाच लागतो. तेवढ्यानेही भागेल असे नाही. पोर्ट 111 वरची आरपीसीबाइंड ही सर्व्हिस (एनएफएससारख्या सेवा कोणत्या पोर्टवर आहेत हे सांगणारी) थांबवून पुन्हा ‘एसएस’ चालवले, तर पोर्ट उघडेच दिसते आणि प्रोसेसच्या रकान्यात पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) 1, म्हणजे खुद्द सिस्टमडीचे नाव येते. कारण पोर्ट धरून बसलेले असते ते आरपीसीबाइंडचे सॉकेट युनिट (सर्व्हिसच्या वतीने पोर्टवर ऐकण्यासाठीची सिस्टमडीची वेगळी नोंद), जे पहिली विनंती येताच सर्व्हिसला पुन्हा उठवते. म्हणून सर्व्हिस आणि सॉकेट ही दोन्ही युनिट एकाच आज्ञेत डिसेबल करावीत. मला विचाराल तर एनएफएसची (नेटवर्कवरून फाइल वाटून घेण्याच्या पद्धतीची) तिसरी आवृत्ती वापरात नसेल, तिथे आरपीसीबाइंडचे पॅकेजच काढून टाकावे. पॅकेज काढता येत नसेल तरच ‘मास्क’ वापरावे. मास्क केलेले युनिट डेव्ह-नल या रिकाम्या फाइलला जोडले जाते आणि हातानेही सुरू होत नाही. त्यामुळे ज्या युनिटला त्याची सक्तीची गरज असते, तेही अडून बसते.

मात्र दिसेल ते सॉकेट बंद करत सुटू नये. उबुंटूमध्ये 22.10 पासून एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची सर्व्हिसही, सॉकेटमार्फतच सुरू होते. ते सॉकेट बंद केले तरी चालू सेशन तुटत नाही, त्यामुळे चूक अनेकदा रीबूटनंतरच कळते, आणि तोवर आत जाण्याची वाट बंद झालेली असते. म्हणूनच रीबूट करण्यापूर्वी कन्सोलवरून (एसएसएचशिवाय, थेट मशीनच्या स्क्रीनवरून) लॉगिन होते याची खात्री करावी, आणि रीबूटनंतर तीच ‘एसएस’ आज्ञा पुन्हा चालवावी.