पॅनेलच्या गॅरेजखालचा बेस: साइटवर नव्याने आलेल्यांसाठी

डिप्लोमा करून साइटवर आलेल्या मुलाला पहिलं स्वतंत्र काम बहुतेकदा असलंच मिळतं. बंगल्याच्या मागे प्रीकास्ट पॅनेलचं गॅरेज, मळ्यात ट्रॅक्टरची शेड, नाहीतर सोसायटीच्या गेटवर रेडीमेड केबिन. वरचं सगळं कारखान्यातून ट्रकने येणार आणि बोल्ट आवळले की उभं राहणार. आपल्या वाट्याला खालचा काँक्रीटचा बेस तेवढा. "एक पीसीसी (साधं काँक्रीट) मारून दे," असं सांगून सिनिअर दुसऱ्या साइटवर निघून जातात.

हे काम मी बरंच केलंय, पुण्याच्या आसपास आणि मराठवाड्यातही. माझं मत सरळ आहे: नवख्याला शिकायला याहून चांगलं काम नाही, कारण इथे काही लपवता येत नाही. वीटकामात जोतं अर्धा इंच खालीवर असलं तर गवंडी पहिल्या थरात माल वाढवून जिरवतो. गुण्या म्हणजे काटकोन चुकला तर प्लास्टर जाड होतं, मालकाला पत्ताही लागत नाही. पॅनेल मात्र साच्यातून आलेलं असतं आणि त्याची भोकं ठरलेल्या जागी असतात. हिशोब करून बघा. दोन फूट रुंद पॅनेलच्या खाली एका कडेला एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार राहिला, तर सात फूट उंचीवर ते साडेतीन सूत कलतं. शेजारचं पॅनेल त्याला बोल्टने जोडायला गेलात की भोक भोकासमोर येतच नाही. मग फिटर पहार घालून ओढतात, कोपरे उडतात आणि शिव्या बेसवाल्याला बसतात.

सुरुवात जमिनीपासून. कोकणात जांभा लागला किंवा पुण्याच्या डोंगरउतारावर कडक मुरूम लागला तर नशीब समजा. काळ्या मातीत मात्र उन्हाळ्यात जी भेग पडते तिच्यात काठी जाते, आणि पावसाळ्यात तीच माती फुगून स्लॅब वर उचलते. ही माती बेसखाली ठेवायची नाही. किती खोल काढायची ते जागेवर ठरतं, पण दोन-अडीच फूट काढून मुरूम भरायची तयारी ठेवा. भरताना सहा-सहा इंचाचे थर करा, पाणी मारा आणि प्रत्येक थरावर कॉम्पॅक्टर नाहीतर निदान धुम्मस (हाताने ठोकायचं वजन) चालवा. मुकादम म्हणेल, "सगळा मुरूम एकदम टाकून वरून दाबू." ऐकू नका. वरचे सहा इंच दबतात आणि खालचं तसंच पोकळ राहतं. भराव झाला की पहार मारून बघा, ती सहज आत गेली तर काम बाकी आहे.

इथेच मालकाशी पहिली खडाजंगी होते. "साहेब, हा मुरमाचा भराव कशाला? त्या पैशात स्लॅबच सहा इंचाचा करा की." मालकाला काँक्रीट दिसतं, मुरूम दिसत नाही, त्यामुळे त्याचं चूक नाही. त्याला नीट समजावून सांगायचं की गाडी एक-दीड टनाची, तिला पाच इंच जाडी पुरते. स्लॅबला तडा जातो तो गाडीच्या वजनाने कमी आणि खालची जमीन एका बाजूला बसल्याने जास्त. जाडी वाढवून बसलेली जमीन वर येत नाही.

लाइनआउट म्हणजे बेसची आखणी करताना सुताची दोरी, खुंट्या, चुना आणि टेप एवढं पुरे. काटकोन आधी ६-८-१० ने (एका बाजूला ६ फूट, दुसऱ्या बाजूला ८, तिरकं १०) धरा आणि मग दोन्ही कर्ण मोजा. दहा बाय वीसचं गॅरेज असेल तर मी बेस अकरा बाय एकवीसचा घेतो, म्हणजे चारी बाजूंनी सहा इंच जास्त. पॅनेल बेसला धरणारा अँकर बोल्ट कडेजवळ आला तर ड्रिल मारतानाच काँक्रीटचा कोपरा फुटतो, म्हणून ही जागा लागते. अकरा बाय एकवीसचा कर्ण २३ फूट साडेआठ इंच येतो. दोन्ही कर्ण जुळेपर्यंत शटरिंगच्या (काँक्रीट अडवायच्या साच्याच्या) फळ्यांना खिळा मारू देऊ नका. लेव्हल ऑटोलेव्हलने (दुर्बिणीच्या यंत्राने) काढा, नसेल तर पाण्याची नळी चालते. नळीत हवेचा बुडबुडा अडकलाय का ते दर वेळी बघायचं आणि एका टोकाला माप सांगायला शहाणा माणूस उभा करायचा.

आता उताराचं. आपल्याकडे काँक्रीट म्हटलं की उतार द्यायची सवय हाडात भिनलेली. पॅनेल जिथे बसतं ती पट्टी मात्र चारी बाजूंनी एका लेव्हलला हवी, तिथे पाव इंचाचाही उतार नको. आतल्या भागाला दरवाजाकडे हलका उतार चालतो. बाहेर राहिलेल्या सहा इंचाचं काय करायचं? ती कड पट्टीच्याच लेव्हलला ठेवली तर पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळतं, तिथेच थांबतं आणि पॅनेलखालून आत शिरतं. मग मालक फोन करतो की गाडीखाली तळं झालंय. यावर उपाय स्वस्तातला आहे. शटरिंगच्या आतून वरच्या बाजूला पाऊण इंच जाडीची लाकडी पट्टी ठोकायची, म्हणजे बाहेरची कड तेवढी खाली उतरते आणि पाणी बाहेरच पडतं. पट्टीला आधी तेल लावा, नाहीतर काढताना कड तुटते.

कडेच्या जाडीचा हिशोब नवखे विसरतात. सपाट स्लॅब २३१ चौरस फूट, पाच इंच जाडीला साधारण ९६ घनफूट, म्हणजे एक ब्रासला (१०० घनफूट) थोडं कमी. पण पॅनेलच्या भिंतीखाली कड एक फूट रुंद आणि बारा इंच खोल घेतली की आणखी ३५ घनफूट लागतात. एम २० या ग्रेडच्या काँक्रीटसाठी सिमेंट, रेती, खडी १ : १.५ : ३ धरलं तर घनमीटरला आठ गोण्या, म्हणून २२ च्या जागी ३० गोण्या लागणार. हा हिशोब चुकला तर दुपारी तीन वाजता सिमेंट संपतं, टेम्पो येईपर्यंत टाकलेला माल धरतो आणि मधोमध जोड राहतो. वाया जाणाऱ्या मालासाठी दोन गोण्या जादा मागवा. उरल्या तर कुठेही लागतात.

सळईची जाळी आठ एमएमची, आठ इंचावर, दोन्ही बाजूंनी. जमिनीवरच्या स्लॅबमध्ये एकच जाळी असेल तर तिची जागा वरच्या भागात, वरून दीड-दोन इंच खाली. मुकादमाची पद्धत अशी की जाळी जमिनीवर टाकलेल्या प्लास्टिकच्या कागदावर अंथरायची आणि माल टाकताना आकड्याने वर ओढायची. ती चार पावलांत परत खाली बसते. जाळीखाली खुर्च्या (सळई वाकवून केलेले आधार) बांधून घ्या आणि माल टाकणाऱ्यांना चालायला फळ्या टाकून द्या.

माल टाकायचा दिवस हा खरा तुमच्या परीक्षेचा. तासाभरात आवाज येणारच, "साहेब, माल घट्ट होतोय, पाणी सोडा जरा." ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी, आणि रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. मिक्सरवर मापाची बादली ठेवा आणि स्वतः तिथे उभे राहा, पाइप कुणाच्या हातात देऊ नका. माल खरोखरच बसत नसेल तर व्हायब्रेटर नीट चालवा, कोपऱ्यात आणि कडेच्या खोल भागात जास्त. वर पाणी सुटलं की गवंडी कोरं सिमेंट भुरभुरवून थापी मारायला धावतो. त्याला थांबवा. ते पाणी आटू द्यायचं आणि मग रंधा मारायचा, नाहीतर वर्षभरात वरची साल पापडासारखी सुटते. गॅरेजला गुळगुळीत फिनिश नकोच, शेवटी झाडू फिरवा म्हणजे ओल्या टायरला पकड मिळते.

त्याच दिवशी मजबुती तपासायला त्याच मालाचे १५ सेंमीचे तीन क्युब (ठोकळे) भरून घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे पाच घनमीटरपर्यंतच्या कामाला एक नमुना, म्हणजे तीन क्युब पुरतात. त्यांच्यावर तारीख आणि जागा खिळ्याने कोरा, खडूने लिहिलेलं टाकीतल्या पाण्यात धुऊन जातं. दुसऱ्या दिवशी मध्यावर आडवी ग्रूव्ह मारून घ्या, खोली जाडीच्या निदान पाव भाग, म्हणजे सव्वा इंच. स्लॅब आकसून तडा देणारच असेल तर तो त्या रेघेत द्यावा.

क्युरिंगबद्दल, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, लिहायला काही फार नाही, करायला मात्र आहे. बाजारात मिळतं ते सिमेंट बहुतेक पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना), त्याला दहा दिवस किमान, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चौदा. मातीची आळी बांधून पाणी साठवा, उभ्या कडांना गोणपाट लावा. वॉचमनला दोनशे रुपये देऊन "पाणी मारत जा" सांगणं म्हणजे क्युरिंग नव्हे. सकाळी सातला स्वतः जाऊन गोणपाट हाताने दाबून बघा.

पॅनेलचा ट्रक कधी येणार हे मालकाने परस्पर ठरवलेलं असतं, तेही नेहमी आपल्या तारखेच्या आधी. आठवड्याच्या आत ड्रिल मारू देऊ नका. फिटिंगवाले आले की माल उतरवायच्या आधी त्यांच्या माणसासोबत चारी कोपऱ्यांची लेव्हल आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजा, ड्रॉइंगवर तिथल्या तिथे लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. एक प्रत त्यांना द्या, एक आपल्या डायरीत लावा. मग खुशाल म्हणा, "उतरवा."