जिमसाठी लेगिंग्ज घेताना कापडाच्या या चुका टाळा

कुर्तीखाली घालायची लेगिंग घरात आहे, तीच जिमला चालेल, असं आपण सगळ्याच समजतो. ती बहुतेक वेळा कॉटन-लायक्राची असते, साधारण ९५ टक्के सूत आणि ५ टक्के लायक्रा. सूत घाम पितं, पण लवकर वाळत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत थोडं पळालं की ती ओली, जड होते आणि मांड्या घासून आतून लाल होतात. शिवाय चारदोनदा बसून उठलं की गुडघ्यापाशी फुगा येतो तो वेगळाच. योगासनांना किंवा सकाळच्या फिरण्याला कॉटन खुशाल घाला. पळायला, वजनं उचलायला मात्र नायलॉन किंवा पॉलिस्टर हवं, आणि त्यात स्पॅन्डेक्स १५ ते २५ टक्के. लेबलवर इलास्टेन किंवा लायक्रा लिहिलेलं असलं तरी चालेल, ताणणारा धागा तोच. नायलॉन मऊ, पण महाग. पॉलिस्टर स्वस्त, आणि घामाचा वास धरून ठेवण्यात पटाईत.

दुकानात कापड फक्त आडवं ताणून बघू नका. उभंही ताणा आणि सोडा. लगेच मूळ आकारात आलं नाही, तर वाकताना कंबर खाली घसरणार हे नक्की.

सगळ्यात मोठी फजिती होते ती पारदर्शकपणाची, आणि जाड कापड म्हणजे झाकणारं कापड हा समज त्याला कारण. २२० ते २५० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ठीक असतं, पण वीण सैल असेल तर तेही दगा देतं. लेगिंगच्या आत मूठ घाला, कापड ताणा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. बोटांचा रंग दिसला तर ठेवून द्या. छापील डिझाइनचं पॉलिस्टर ताणल्यावर फुलांच्या मधून पांढरं दिसतं, कारण रंग वरवरच बसलेला असतो. ट्रायल रूममध्ये आरशाकडे पाठ करून एक उठाबशी काढाच, लाजू नका. फिक्या राखाडी रंगावर घामाचा प्रत्येक डाग उठून दिसतो, हे विक्रेता सांगणार नाही.

घेतल्यावर लवकर खराब होते, ती बरेचदा धुण्यामुळे. फॅब्रिक सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसतो आणि कापडाची घाम ओढण्याची ताकद जाते. गरम पाणी आणि इस्त्री लायक्राला मारतात. ओली लेगिंग बॅगेत कोंबून ठेवू नका, घरी येताच उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. वरून मखमली लागणाऱ्या कापडावर मांड्यांपाशी गोळे लवकर येतात, त्याला धुण्याचा दोष नाही.

शिवून घेणार असाल तर शिंप्याला दोन गोष्टी आधीच सांगा: होजिअरीची बोथट सुई वापरायची, आणि साधी सरळ टीप मारायची नाही, ती पहिल्याच ताणाला तुटते. दोन पायांच्या मध्ये पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा तुकडाही लावून घ्या. तो नसला की चारही शिवणी एकाच जागी येतात आणि तिथेच उसवतं.