जुन्या गाडीची किरकोळ दुरुस्ती घरी करताना या चुका टाळा

जुन्या गाडीतील लहानसा बिघाड घरी दुरुस्त करताना तो वाढतो, तो बहुधा हात नवखे असल्यामुळे नव्हे, तर निदान पुरे होण्याआधीच पाना हाती घेतल्यामुळे. लक्षण दिसले की त्याच्या सर्वांत जवळचा भाग बदलून मोकळे व्हायचे, ही सवय आधी सोडायला हवी.

गाडी सुरू न होणे हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू येते, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि बॅटरी गेली असे मानून नवी आणली जाते. काही दिवसांनी तीच टकटक पुन्हा सुरू होते, कारण दोष बॅटरीत नसून तिच्या जोडणीत होता. म्हणून गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, तर १२.२ च्या आसपासचा आकडा ती निम्मी उतरल्याचे सांगतो. आकडा चांगला असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या टर्मिनलच्या धातूवर टेकवावी आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. जोडणी स्वच्छ असेल, तर काटा शून्याजवळच राहतो. अर्धा व्होल्ट दिसला, तर वीज त्या सांध्यातच अडते आहे, मग वरून टर्मिनल कितीही चकचकीत दिसो. हीच तपासणी बॅटरीचा निगेटिव्ह खुंट आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्येही करावी, कारण जुन्या गाडीत इंजिनची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी पट्टी, गंजून निकामी झालेली असू शकते आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना शेवटी, हा क्रम मोडू नये. निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर थेट शॉर्ट सर्किट होते. पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. टर्मिनल कोरडे करून, घट्ट आवळून मगच बाहेरून ग्रीस लावावे.

इंजिन सुरू असताना व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ हवे. ते वाढतच नसेल, तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा बेल्ट पाहावा. बेल्ट किंचाळतो म्हणून त्यावर स्प्रे मारणे ही चूक फार जण करतात; आवाज घटकाभर थांबतो, पण ढिला ताण, गळणारे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) किंवा खराब झालेले बेअरिंग तसेच राहते.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरचा बसवू नये. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज टिकतो आणि त्याऐवजी वायर जळते.

इंजिन तापल्यावर रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई भाजण्याला आमंत्रण देते. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही, परंतु झाकण सैल होताच दाब उतरतो आणि त्याच क्षणी तो वाफेसह उसळून बाहेर येतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. नुसते पाणी भरत राहणे हाही उपाय नव्हे. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर होजच्या टोकांशी, वॉटर पंपाखाली आणि केबिनमधील ओलसर गालिच्याखाली गळती शोधावी.

ब्रेक फ्लुइडची पातळी खाली गेली की वरून भर घालणे सोपे वाटते. पण ब्रेक पॅड झिजतात तसतसे पिस्टन पुढे सरकतात आणि पातळी आपोआप उतरते. म्हणजे ती उतरणे ही पॅड पाहण्याची सूचना आहे, आणि पॅड ठीक असतील तर गळतीची. त्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही पडता कामा नये, कारण खनिज तेलाने रबरी सील फुगतात. ब्रेकविषयी जराशी शंका असली, तरी गाडी चालवत नेऊ नये, मेकॅनिकलाच घरी बोलवावे.

स्पार्क प्लग गरम इंजिनमधून काढू नयेत आणि बसवताना पाना सुरुवातीलाच लावू नये. हेड ॲल्युमिनियमचे असेल, तर त्याचे आटे पोलादी प्लगपुढे सहज हार मानतात. प्लगच्या मागच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून तो बोटांनी फिरवावा. आटे वाकडे बसले, तर नळी प्लगवर निसटू लागते, तेव्हा थांबून प्लग उलटा फिरवावा आणि पुन्हा सुरुवात करावी.

या साऱ्यांहून गंभीर चूक म्हणजे केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी स्टँड लागतात. जमीन सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावलेली हवी. जुन्या गाडीचा जॅक लावण्याच्या जागेचा पत्रा गंजलेला असू शकतो, म्हणून तो आधी बोटाने दाबून पाहावा. स्टँडवर टेकवल्यावर गाडी बाजूने ढकलून पाहावी. ती जराही डगमगली, तर खाली उतरवून स्टँड पुन्हा लावावेत.