फळं वाटीने मोजताय? मग या चुका टाळा

मागच्या सीझनला सापुताऱ्याहून येताना बोरगावजवळ रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी दिसली, दोन किलो उचलली आणि घरी येऊन जॅम करायला घेतला. रेसिपी अमेरिकन, चार कप कुस्करलेली स्ट्रॉबेरी नि चार कप साखर. मी काय केलं, अख्ख्या स्ट्रॉबेरी कपाने मोजल्या आणि मग कुस्करल्या. जे काय तयार झालं ते चमच्याने खणून काढावं लागत होतं आणि गोड इतकं की पोरांनीसुद्धा पोळीला लावून खाल्लं नाही.

नंतर काट्यावर मोजून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. अख्ख्या स्ट्रॉबेरीचा एक कप भरतो साधारण १४५ ग्रॅम, काप करून भरला तर १६५ आणि कुस्करून भरला तर २३०, म्हणजे रेसिपीला हवं होतं ९२० ग्रॅम फळ आणि मी घातलं ५८०, साखर मात्र पूर्ण ८०० ग्रॅम! कप तोच हो, आतली हवा कमी-जास्त. म्हणून रेसिपीत ‘एक कप चिरलेली स्ट्रॉबेरी’ लिहिलंय का ‘एक कप स्ट्रॉबेरी, चिरून’ ते नीट वाचा. पहिल्यात आधी चिरायची मग मोजायची, दुसऱ्यात उलटं.

दुसरी गडबड आपल्या वाटीची. परदेशी रेसिपीतला कप २४० मिलीचा धरा, ऑस्ट्रेलियन असेल तर २५०. आपली आमटीची वाटी याच्या जवळपासही नसते, आणि प्रत्येक घरात वेगळी. सोपं काम आहे, रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जेवढे ग्रॅम तेवढे मिली. एकदाच करायचं.

आणि काट्यावरचं ते मिलीचं बटण! ते दाबलं की काटा मिली दाखवतो म्हणून लोक खूश, पण तो पाण्याचाच हिशोब करतो, फोडींमधल्या हवेचं त्याला काय कळणार. आमरस, प्युरी वगैरेला चालून जातं, फोडींना अजिबात नाही. जुन्या लोकांचं बरं होतं, मापाचा शेर वेगळा नि वजनाचा शेर वेगळा हे त्यांना पक्कं माहीत असायचं.

साल-बियांचं पण बघा. सटाण्याकडचं छान मोठं डाळिंब आणलं तरी दाणे वजनाच्या निम्म्याच्या आसपासच निघतात, केळ्याचं साल वजनाच्या साधारण एक तृतीयांश. रेसिपीतले ग्रॅम सोललेल्या फळाचे आहेत का ते बघूनच बाजारात जा. द्राक्षं धुतली की निथळू द्या, ओली मोजू नका.

बिघडलंच तर? माझ्याकडे स्ट्रॉबेरी उरली होती, त्यातली साडेतीनशे ग्रॅम कुस्करून, थोडं पाणी नि लिंबू पिळून तो जॅम परत मंद गॅसवर ठेवला, बराच सुधारला. केकमध्ये केळं जास्त पडलं तर मधे कच्चा राहतो, वरून फॉइल झाकून अजून १०-१५ मिनिटं ठेवा आणि सुरी घालून बघा.

माझ्या फ्रिजवर चिकटवलेले आकडे देते, २४० मिलीच्या कपाचे, थोडं इकडेतिकडे होणारच: द्राक्षं १५०, आंब्याच्या फोडी १६५, अननसाच्या फोडी १६५, पपईच्या फोडी १४५, डाळिंबाचे दाणे १७५, केळ्याचे काप १५०, कुस्करलेलं केळं २२५ ग्रॅम. करवंदं यात नाहीत, ती त्र्यंबक रोडला द्रोणात घेतो आणि घरी येईपर्यंत मोजायला उरतच नाहीत.