चाळिशी जवळ येताना कपड्यांची स्वतःची शैली कशी ठरवावी

कपाट गच्च भरलेलं असतं, तरी सकाळी हात त्याच दोन-तीन कपड्यांकडे जातो. पस्तिशीनंतर अनेकांचं असं होतं, आणि आवड संपली म्हणून होत नाही. कपाटातले निम्मे कपडे वेगळ्या शरीरासाठी आणि वेगळ्या दिनक्रमासाठी घेतलेले असतात. पहिल्या नोकरीत घेतलेले, मूल व्हायच्या आधीचे, कुणाच्या तरी लग्नात घाईघाईने शिवलेले. शरीर पुढे गेलं, कामं बदलली, कपडे तिथेच राहिले.

म्हणून सुरुवात खरेदीने करू नका. आपल्याला काय हवं ते शिंप्याला नेमकं सांगता आलं की आपली शैली ठरली, असं मी मानते. ‘साधं पण छान’ असं काही शिवता येत नाही. ‘बाही कोपराच्या चार बोटं खाली, गळा गळ्याखालच्या हाडाला जेमतेम टेकणारा, कापड अंगाला न चिकटता सरळ खाली पडणारं’ हे शिवता येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या अशा दोन-चार वाक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. कपडे शिवून घेत असाल तरी आणि तयार घेत असाल तरी त्या लागू पडतात, स्त्रियांना आणि पुरुषांनाही.

१. आजचं माप घ्या

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात. व्यायाम नसेल तर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के. म्हणजे वजनाचा काटा जागचा हललेला नसला तरी शरीराचा आकार बदललेला असू शकतो. पुरुषांच्या पोटाचा घेर वाढतो. स्त्रियांची पाळी बहुधा ४५ ते ५५ या वयात थांबते, आणि त्याच्या आसपासच्या वर्षांत मांड्या-कंबरेवर साठणारी चरबी पोटाकडे सरकू लागते. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. हे होतंच, आणि कपड्यांनी त्याची दखल घ्यायला हवी.

इंचपट्टी घ्या आणि पातळ कपड्यांवर मापं घ्या: छाती, कंबर, सीटचा सर्वांत रुंद भाग, खांदा, दंड, मनगटापर्यंत हाताची लांबी आणि पायाच्या आतल्या बाजूची लांबी. पोट आत ओढू नका. जमलं तर घरातल्या कुणाला तरी पट्टी धरायला सांगा, कारण स्वतःच्या खांद्याचं माप स्वतःला नीट घेता येत नाही. स्त्रियांनी ब्रेसियरचं मापही नव्याने घ्यावं. जुन्याच मापाची वापरत राहिल्या तर वरचा कोणताही कपडा नीट बसत नाही, आणि दोष मात्र कपड्याला दिला जातो.

पावलंही मोजा. वयानुसार पायातली हाडं जोडून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात, तळव्याची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पावलांचं घ्या आणि मोठं निघेल ते धरा.

हे सगळे आकडे एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. लेबलवरच्या साइझवर विसंबू नका. एका कंपनीचा मीडियम दुसरीचा लार्ज असतो.

२. रोज काय घालता ते पाहा

दोन-तीन आठवडे रोज बाहेर पडताना आरशासमोर पायांपर्यंतचा एक फोटो काढा. चांगलं दिसण्यासाठी नको, नोंद म्हणून. त्याच काळात कपाटातल्या सगळ्या हँगरची तोंडं उलटी करून ठेवा, आणि घालून परत टांगलेल्या कपड्याचा हँगर सुलटा करा. शेवटी कपाटच सगळं सांगेल.

आता जास्त वेळा घातलेले कपडे बाजूला काढा आणि प्रत्येकासमोर एक कारण लिहा. ‘आवडतो’ हे कारण पुरेसं नाही. ‘हात वर केला तरी पोट उघडं पडत नाही’, ‘खिसे खोल आहेत’, ‘इस्त्री लागत नाही’, ‘मानेला कॉलर घासत नाही’ अशी कारणं लिहा. न घातलेल्या कपड्यांसाठीही तेच करा: ‘काखेत काचतो’, ‘बसलं की वर सरकतो’, ‘आतून काही घालावं लागतं’. पाच-सहा कपड्यांनंतर तीच कारणं पुन्हा पुन्हा येऊ लागतील. कुणाला गळ्याशी बंद काही सहन होत नाही हे कळेल, तर कुणाला आपण नेहमी कंबरेवर न टेकणारेच कपडे उचलतो हे दिसेल. तुमच्या शैलीचा मोठा भाग या कारणांत आधीच आहे, तो फक्त कागदावर उतरायचा राहिला आहे.

बारीक झाल्यावर घालू म्हणून ठेवलेले कपडे समोरून हलवा. टाकून द्यायला मी सांगत नाही. ते पेटीत घाला, वर माळ्यावर ठेवा. पण रोज सकाळी दार उघडल्यावर आपण कमी पडतो आहोत असं सांगणारं काहीही डोळ्यांसमोर नसावं.

३. आठवडा मोजा

तुमचा आठवडा कसा जातो ते लिहा: किती दिवस कामाच्या ठिकाणी, किती घरून काम, किती वेळ स्वयंपाकघरात, प्रवासात, मुलांच्या किंवा आईवडिलांच्या मागे धावण्यात, चालायला जाण्यात, समारंभात. मग कपाटातल्या कपड्यांची तशीच विभागणी करून पाहा. बहुतेक कपाटांत समारंभाचे कपडे ढीगभर असतात आणि घरात घालायचे विटलेले, ताणलेले, कुणी दार वाजवलं की ओढणी शोधायला लावणारे. आयुष्याचे सर्वांत जास्त तास ज्या कपड्यांत जातात त्यांच्यावर सर्वांत कमी विचार झालेला असतो. पहिला पैसा तिथे घाला.

४. फिटिंग वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच द्यायला सांगेन. वाढत्या वयात कपडा महाग आहे की स्वस्त, नव्या चालीचा आहे की जुन्या, याने जेवढा फरक पडत नाही तेवढा तो खांद्यावर कुठे बसतो याने पडतो.

उजेडात आरशासमोर उभे राहा आणि सुरकुत्या पाहा. कापडावर आडव्या रेषा ओढल्या गेल्या असतील तर त्या जागी कपडा तंग आहे: छातीवर बटणांपासून बाजूला जाणाऱ्या, मांडीच्या सांध्यापासून पसरणाऱ्या, पाठीवर काखेपासून काखेपर्यंत जाणाऱ्या. उभ्या घड्या पडत असतील तर कापड जास्त आहे. तिरप्या रेषा ज्या टोकाकडून निघतात तिथे काहीतरी अडतं आहे. बहुधा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो किंवा पोटामुळे पुढचा भाग वर उचलला जातो.

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. मुद्दाम सैल खांद्याचा कट असेल तर गोष्ट वेगळी. लांब बाही हात खाली सोडल्यावर मनगटाच्या हाडाशी संपावी. पॅंटच्या कंबरपट्ट्यात दोन बोटं सहज जावीत आणि बसल्यावर मागून पट्टा सुटू नये.

पोट लपवण्यासाठी लोक एक माप मोठं घेतात. याने काम बिघडतं: पोट झाकलं जातं, पण खांदे उतरतात, काख खाली येते आणि सगळं शरीर थकलेलं दिसतं. उलट करा. खांद्याच्या मापाने कपडा निवडा, आणि पोटाशी किंवा सीटशी जागा हवी असेल तर तेवढी मोकळीक असलेला कट शोधा: बाजूला चिरा असलेला, खाली किंचित पसरणारा किंवा सरळ पडणारा. दंड जाड झाले असतील तर बाही दंडाच्या सर्वांत जाड जागी संपू देऊ नका. दोन इंच खाली नेली की हात वेगळाच दिसतो. लांबीचंही तसंच. शर्ट, कुर्ता किंवा स्कर्ट शरीराच्या सर्वांत रुंद रेषेवर संपला की नजर तिथेच थांबते. आपल्याला कुठे थांबवायची आहे ते आपण ठरवू शकतो.

शिंप्याकडून काय सहज होतं हे माहीत असू द्या. कंबर आत घेणं, लांबी कमी करणं, बाही आखूड करणं सोपं. शिवणीच्या आत कापड दाबून ठेवलेलं असेल तर थोडं सैलही करता येतं, म्हणून विकत घेताना कपडा उलटा करून पाहा. खांदा उसवून पुन्हा बसवणं मात्र अवघड आणि खर्चिक. खांद्यात न बसणारा तयार कपडा कितीही आवडला तरी ठेवून द्या.

५. कापड हाताने ओळखा

या वयात अंगाची सहनशक्ती बदलते. पाळी जाण्याच्या काळात अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. अशा वेळी एका जाड कपड्यापेक्षा पटकन काढता-घालता येतील असे दोन पातळ थर बरे. सुती धागा साध्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या जवळपास ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील धरत नाही. घाम आला की पॉलिएस्टर अंगाला का चिकटतं याचं उत्तर यात आहे. लिनन घाम चांगलं शोषतं, पण चुरगळतं. ते ज्यांना खटकतं त्यांनी लिनन-सुती मिश्रण पाहावं. व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेलं मऊ कापड) छान पडतं, पण ओलं असताना कमजोर होतं, म्हणून ते पिळू नका.

दुकानात कापडाचा कोपरा मुठीत धरून काही क्षण दाबा आणि सोडा. किती चुरगळलं ते दिसेल. मग उजेडासमोर धरा, म्हणजे किती आरपार दिसतं ते कळेल. ताणणाऱ्या कपड्यात इलॅस्टेन नावाचा लवचिक धागा असतो आणि त्याला कडक उष्णता सोसत नाही. गरम पाणी आणि ड्रायर टाळलात तर असे कपडे जास्त काळ टिकतात.

६. रंग चेहऱ्याजवळ तपासा

केस पांढरे होऊ लागले, त्वचेचा रंग थोडा बदलला की चेहऱ्याभोवतीची चौकटच बदलते. पूर्वी उठून दिसणारा रंग आता चेहरा उतरलेला दाखवू शकतो, आणि कधीच न घातलेला एखादा अचानक जमून जातो. दिवसा खिडकीजवळ बसा, घरातले वेगवेगळ्या रंगांचे कपडे एकेक करून हनुवटीखाली धरा आणि कपड्याकडे न बघता डोळ्यांखालच्या भागाकडे बघा. काळी वर्तुळं गडद झाली तर तो रंग गळ्यापासून दूर ठेवा. आवडता असेल तर पॅंट, सलवार किंवा बॅग त्या रंगाची घ्या. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात ही तपासणी करू नका, तो सगळ्यांनाच उबदार रंग देतो.

काळा घातला की बारीक दिसतो, या समजुतीने कपाटं काळी झाली आहेत. ज्यांना तो शोभतो त्यांनी खुशाल घालावा. पण तो अनेकांच्या डोळ्यांखालच्या सावल्या वाढवतो. गडद निळा, गर्द हिरवा, तपकिरी किंवा वांगी रंग तेच काम जास्त मायेने करतात.

नवीन चष्मा लागला असेल तर तो रोजचा कपडा समजून निवडा. तो चेहऱ्यावर सदासर्वकाळ असतो.

७. वाक्यं लिहा

आता आधीची मापं, कारणं आणि रंग समोर ठेवून चार-पाच वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्यात लांबी, कट, कापड किंवा रंग यांपैकी काहीतरी मोजता येण्यासारखं हवं. उदाहरणार्थ: ‘वरचा कपडा सीट झाकणारा, बाजूला चिरा. गळा उघडा, कॉलर नको. खाली सरळ पायांची, घोट्याला संपणारी पॅंट. गळ्याजवळ मोतिया, निळा किंवा विटकरी. खिसा हवाच.’ दुसऱ्या कुणाची वाक्यं याच्या अगदी उलट असतील, आणि ती तितकीच बरोबर असतील.

‘या वयाला शोभणारं’ असं वाक्य लिहू नका. त्याने एकही माप ठरत नाही, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं मत असतं. भडक रंग, जीन्स, उघड्या बाह्या या कशालाच वयाची मर्यादा नाही. ते नीट बसतं का आणि तुम्हाला त्यात मोकळं वाटतं का, एवढंच पाहा.

८. मग खरेदी, तीही सावकाश

एका वेळी एकच नवी गोष्ट आणा. नवा कट असेल तर ओळखीच्या रंगात, नवा रंग असेल तर ओळखीच्या कटमध्ये. म्हणजे जमलं नाही तर नेमकं काय जमलं नाही हे कळतं. घालून पाहताना नुसते उभे राहू नका. बसा, वाका, हात वर करा, दोन पायऱ्या चढा. कपाटातल्या निदान तीन कपड्यांबरोबर तो जाणार नसेल तर त्याच्यासाठी आणखी खरेदी करावी लागेल हे लक्षात घ्या. घरी आणल्यावर लेबल न काढता एक संध्याकाळ घालून वावरा. काचणारी शिवण आणि सरकणारा गळा तासाभरात कळतो.

एकदा जमलेला कपडा जपून ठेवा. तो विटला तरी शिंप्याला नमुना म्हणून देता येतो, आणि कागदावरच्या मापांपेक्षा नमुन्यावरून शिवलेलं जास्त चांगलं बसतं. मापं मात्र वर्षातून एकदा, आणि आजारपण, बाळंतपण किंवा नवा व्यायाम यांनंतर लगेच पुन्हा घ्या. त्या वेळी वाक्यांमधल्या लांब्या आणि कट तपासा. रंग आणि कापड यांची वाक्यं सहसा तशीच ठेवता येतात.