पाण्याचं रॉकेट: उडवायचं कसं आणि नाही उडालं तर काय

आधीच सांगतो, फटाक्यांची दारू काढून नळीत ठासायचे उद्योग करायचे नाहीत, बोटं दहाच असतात. पाण्याच्या रॉकेटला आग लागत नाही, खर्च जवळजवळ शून्य, आणि फसायला भरपूर वाव आहे.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, दोन लिटरची, कारण ती गॅसचं प्रेशर सोसायलाच बनवलेली असते, साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. सनपॅकच्या शीटचे तीन फिन (तोंडाकडच्या बाजूचे पंख) कापा (निवडणूक झाली की प्रचाराचे बोर्ड फुकट मिळतात) आणि टेपनेच चिकटवा, गरम ग्लू गन लावली की प्लास्टिक तिथेच कमजोर होतं. नाकाला, म्हणजे बाटलीच्या बुडाला, अर्धा टेनिस बॉल, आत थोडी क्ले. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणा, त्यातली पिन काढून टाका, लॅबच्या सामानाच्या दुकानातलं रबरी बूच भोक पाडून त्यात तो घट्ट बसवा, आणि मग पाच-सहा मीटर पाइप लावून मीटरवाल्या सायकल पंपाला जोडा. पाइप लांब का, तर तुम्ही लांब असावं म्हणून.

उडवायच्या आधी दोरी टेस्ट. रिकामं रॉकेट जिथे तोलून राहतं तिथे दोरी बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवा, नाक पुढे राहिलं तर ठीक, आडवंतिडवं फिरलं तर नाकात अजून क्ले भरा किंवा फिन मोठे करा. ही टेस्ट आम्ही कंटाळा करून टाळली होती आणि पहिलं रॉकेट हवेत दोन कोलांट्या मारून भाच्याच्या सायकलवर आपटलं.

पाणी एक तृतीयांश भरा आणि बूच बाटलीच्या तोंडात घट्ट बसवा. दाबलेली हवा पाणी खाली ढकलते म्हणून बाटली वर जाते, नुसती हवा असली तर ढकलायला वजनच नाही, आणि पाणी जास्त झालं तर हवेला जागा नाही. विटांच्या आधाराने तोंड खाली करून सरळ उभं करा, वर झाडं-तारा नकोत, सगळ्यांना मागे घ्या आणि मग पंप मारा. बूच आपोआप सुटेल. पंपाच्या मीटरवर 50 पीएसआयच्या (हे प्रेशरचं माप) पुढे जायचं नाही, तेवढ्यातही नाही सुटलं तर बाटलीजवळ जाऊन वाकून बघायचं नाही, पंपाकडचं टोक काढून हवा सोडा (पिन त्यासाठीच काढली).

उंची मोजायची तर उडाल्यापासून जमिनीवर पडेपर्यंतचे सेकंद मोजा, त्याचा वर्ग गुणिले 1.2, साधारण तेवढे मीटर. चार सेकंद म्हणजे एकोणीसेक मीटर.

आता फसण्याचं. फसणारच. अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्डचं लिक्विड फ्युएलवालं पहिलं रॉकेट 16 मार्च 1926 ला उडालं ते अडीच सेकंद, 41 फूट. उपग्रह सोडायच्या आपल्या एसएलव्ही-3 रॉकेटचं पहिलं उड्डाण 10 ऑगस्ट 1979 ला समुद्रात गेलं, प्रोजेक्ट डायरेक्टर कलाम होते पण पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन, आणि 18 जुलै 1980 ला त्याच जातीचं पुढचं रॉकेट रोहिणी उपग्रह घेऊन वर गेलं. मुलांसोबत असाल तर धवनांचा भाग लक्षात ठेवा, फसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत 'तूच फिन वाकडा लावलास' हे बोलायचं नाही, आधी तुकडे गोळा करायचे. मग लगेच वहीत लिहा, पाणी किती, किती पीएसआयला सुटलं, कुठे वळलं, कारण संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची आठवण वेगळी झालेली असते. आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही एकदा फिन, पाणी, क्ले सगळं एकदम बदललं, रॉकेट मस्त उडालं आणि कशामुळे ते आजतागायत माहीत नाही! बाटलीवर पांढरी घडी दिसली की ती बाटली बाद, कितीही लाडकी असली तरी.

आमचं चौथं रॉकेट शेजारच्यांच्या चिंचेवर आहे अजून, खालून एक फिन दिसतो. वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच: 'वारा बघितला नाही.'